मॅक ॲड्रेसवर पहारा: पोर्ट सिक्युरिटी, फिल्टर, मॅब की डॉट-वन-एक्स?

बाहेरच्या कुणी लॅपटॉप आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर त्याला नेटवर्क मिळता कामा नये. वरून एवढी एकच ओळ येते. नेटवर्क सांभाळणारा मग स्विचच्या सेटिंगमध्ये शिरतो आणि एकाच कामासाठी चार दारं दिसतात: पोर्ट सिक्युरिटी, मॅक फिल्टर, मॅक ऑथेंटिकेशन आणि ८०२.१एक्स, म्हणजेच बोलण्यातलं डॉट-वन-एक्स. मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा पत्ता. त्यात नावांचा घोळ वेगळाच. सिस्को ज्याला मॅक ऑथेंटिकेशन बायपास, थोडक्यात मॅब, म्हणतो, तेच जुनिपरकडे मॅक रेडियस होतं आणि हुआवेच्या स्विचवर मॅक ॲड्रेस ऑथेंटिकेशन. या लेखात मी सगळीकडे मॅबच म्हणणार आहे, कारण बोलताना आम्ही तेच म्हणतो.

या चौघांची तुलना बहुतेक वेळा ‘कोणतं जास्त सुरक्षित’ एवढ्यावरच संपते. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, ८०२.१एक्स, आणि ते ऐकून कुणाचाही निर्णय होत नाही. मी आधी दुसरंच विचारतो: कुणाला आत घ्यायचं याची यादी राहणार कुठे, आणि ती रोज कोण सांभाळणार? पोर्ट सिक्युरिटीत यादी प्रत्येक पोर्टवर, म्हणजे स्विचच्या एकेका सॉकेटवर, राहते. फिल्टरमध्ये ती प्रत्येक स्विचवर राहते. मॅबमध्ये एका सर्व्हरवर. आणि ८०२.१एक्समध्ये मॅकची यादीच नसते, तिची जागा सर्टिफिकेट (यंत्राचं डिजिटल ओळखपत्र) किंवा पासवर्ड घेतात. म्हणजे यादी दुसऱ्या कुणीतरी आधीच ठेवलेली असावी लागते. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

आधी पत्त्याबद्दल

मॅक ॲड्रेस म्हणजे ४८ बिट, लिहायला बारा हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). पहिले २४ बिट आयईईई ही मानकं ठरवणारी संस्था उत्पादकाला देते, उरलेले उत्पादक स्वतः वाटतो. हा पत्ता कार्डात कोरलेला असतो असं आपण सगळेच शिकलो. ते खरं आहे, पण फ्रेम, म्हणजे नेटवर्कवर जाणारा डेटाचा एक तुकडा, बाहेर पडताना तिच्यावर कोणता पत्ता लिहायचा हे ठरवतो ड्रायव्हर. लिनक्सवर कार्ड बंद करा, नवा पत्ता द्या, परत चालू करा: तीन कमांड. विंडोजमध्ये बऱ्याच कार्डांच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये त्यासाठी सरळ एक चौकटच दिलेली असते. आणि नक्कल कुणाची करायची हे शोधायलाही कष्ट नाहीत. नेटवर्क प्रिंटरच्या पाठीमागे किंवा कॅमेऱ्याच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावर पत्ता छापलेला असतो.

थोडक्यात, मॅक ही दारावरची पाटी आहे. पाटी वाचून आत सोडणाऱ्या पहारेकऱ्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधीच ठरवून घ्या. चुकून घुसणारा, आगाऊपणा करणारा, घरचा राउटर आणून लावणारा: हे सगळे पाटीपाशी अडतात. ठरवून आलेला माणूस पाटी बदलून येतो.

अजून एक गुंतागुंत फोनांनी आणली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खऱ्याऐवजी बनावट, यादृच्छिक पत्ता वापरतात. असा पत्ता ओळखणं सोपं आहे: त्याचा दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई असतो. वायरीवर हा त्रास क्वचित होतो, पण वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट ज्या पोर्टला लावलाय तिथे हे पत्ते स्विचपर्यंत पोचू शकतात. त्या पोर्टवर मॅकची मर्यादा लावणाऱ्याला सकाळी दहा वाजेपर्यंत पहिला फोन येतो.

पोर्ट सिक्युरिटी: स्वस्त, झटपट आणि हट्टी

सर्व्हर लागत नाही, लायसन्स लागत नाही, मॅनेज्ड स्विच असला की बहुतेक वेळा ही सोय असतेच. म्हणून सुरुवात इथूनच होते.

सिस्कोच्या भाषेत सांगायचं तर पोर्ट आधी पक्का ॲक्सेस मोडमध्ये (टेबलावरच्या यंत्रासाठीच्या) टाकायचा, कारण स्वतःच ट्रंक (स्विचला स्विच जोडणारा) की ॲक्सेस ठरवणाऱ्या डायनॅमिक पोर्टवर हे चालत नाही. मग किती पत्ते चालतील तो आकडा, नियम मोडला तर काय करायचं तो मोड, पत्ते आपोआप शिकायचे असतील तर स्टिकी. आणि शेवटी नुसती ‘स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी’ ही ओळ, जिच्यापुढे काहीच नसतं. नवशिके हमखास चुकतात ते इथे. मॅक्झिमम, व्हायोलेशन, स्टिकी, सगळ्या ओळी टाकतात आणि ही उघडी ओळ विसरतात. कॉन्फिग बघितलं तर पोर्ट कडेकोट दिसतो, प्रत्यक्षात तो सताड उघडा असतो. म्हणून कॉन्फिग वाचून खात्री करू नका. ‘शो पोर्ट-सिक्युरिटी इंटरफेस’ चालवा आणि पहिल्या ओळीत ‘एनेबल्ड’ आहे का ते बघा.

नियम मोडल्यावर तीन पर्याय असतात. शटडाउन हा मूळचा: पोर्ट सरळ बंद, स्टेटस एरर-डिसेबल्ड. रिस्ट्रिक्ट: अनोळखी पत्त्याच्या फ्रेम टाकून देतो, लॉगमध्ये नोंद करतो, काउंटर वाढवतो. प्रोटेक्ट: टाकून देतो आणि गप्प बसतो. प्रोटेक्ट मी कधीच लावत नाही. ‘माझं नेट चालत नाही’ अशी तक्रार येते, पोर्ट हिरवा, लिंक चालू, लॉग कोरा, आणि तुम्ही अर्धा दिवस केबल बदलत बसता. पहिले काही आठवडे रिस्ट्रिक्टवर ठेवून काउंटर बघणं हाच शहाणपणा. नंतर जिथे खरंच गरज आहे तिथे शटडाउन. शटडाउन झालेला पोर्ट आपोआप परत यावा असं वाटत असेल तर एरर-डिसेबल रिकव्हरी वेगळी चालू करावी लागते. तिची मूळची वेळ ३०० सेकंद आहे.

आता स्टिकीबद्दल. कल्पना छान आहे: पोर्ट पहिला पत्ता शिकतो आणि कॉन्फिगमध्ये लिहून ठेवतो. पण तो लिहितो चालू कॉन्फिगमध्ये. तुम्ही सेव्ह केलं नाही आणि रात्री वीज गेली, तर सकाळी स्विच कोऱ्या पाटीने उठतो आणि जो पहिला दिसेल त्यालाच मालक मानतो. सेव्ह केलं तर त्याच्या उलट कटकट. सात नंबरच्या टेबलावरची बाई बारा नंबरला बसायला जाते, सोबत आपला संगणक नेते. तिचा पत्ता सात नंबरच्या पोर्टवर चिकटलेला आहे. एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं आखलेलं छोटं नेटवर्क) एका सुरक्षित पोर्टवरचा पत्ता दुसऱ्या सुरक्षित पोर्टवर दिसला, की तोही नियमभंग धरला जातो. बारा नंबर बंद. तिथे जागा रिकामी होती, मर्यादा ओलांडली गेली नव्हती, तरी बंद. हे ज्याला माहीत नसतं तो बारा नंबरकडे बघत बसतो, आणि दुखणं असतं सातला.

मी हे ज्या ऑफिसात अनुभवलं तिथे जागांची फेररचना एका शुक्रवारी संध्याकाळी झाली, आम्हाला न सांगता. सोमवारी अकरा पोर्ट बंद होते. दोष पोर्ट सिक्युरिटीचा नव्हता, तिने सांगितलेलं काम चोख केलं होतं. ती चुकीच्या ठिकाणी लावली होती एवढंच. माणसं हलतात तिथे स्टिकी नको.

आकडा किती ठेवायचा? एक संगणक, तर एक, असं वाटतं. पण टेबलावर आयपी फोन असेल आणि संगणक फोनमधून पुढे जोडलेला असेल, तर दोन पत्ते होतात. शिवाय काही फोन चालू होताना आधी डेटा व्हीलॅनमध्ये दिसतात आणि मग व्हॉइस व्हीलॅनमध्ये जातात, म्हणून तीन ठेवणं सुरक्षित. कुणी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन ब्रिज मोडमध्ये चालवत असेल तर अजून एक. आणि टाइप-सी डॉक! डॉकमध्ये स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं. स्विचला दिसतो तो डॉकचा पत्ता. त्या डॉकला कुणाचाही लॅपटॉप लावा, पोर्टच्या दृष्टीने तो जुनाच ओळखीचा गडी. काही लॅपटॉपांत पास-थ्रूची सोय असते, त्यात डॉकवरूनही लॅपटॉपचाच पत्ता जातो. मग उलटं होतं, टेबल तेच पण रोज नवा पत्ता. सामायिक डॉक असलेल्या जागी मॅकवर आधारलेलं काहीही लावण्याआधी ही एक गोष्ट तपासा.

एवढ्या तक्रारी करूनही एक काम पोर्ट सिक्युरिटी अशी करते की त्यासाठी मी ती सोडणार नाही. स्विचच्या मॅक टेबलाला, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे त्या नोंदवहीला, मर्यादा असते, साध्या ॲक्सेस स्विचमध्ये आठ-सोळा हजार नोंदी. मॅकऑफसारखं साधन खोट्या पत्त्यांच्या फ्रेमचा मारा करतं, टेबल भरतं, आणि नवे पत्ते शिकायला जागा उरली नाही की स्विच त्या पत्त्यांचे फ्रेम व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टवर पाठवू लागतो. दुसऱ्याचं बोलणं मग तिसऱ्याला ऐकू येतं. पोर्टवर पाच-दहाची मर्यादा घातली की हा मारा पहिल्याच क्षणी थांबतो. इथे ओळख पटवायची नसते, फक्त गर्दी रोखायची असते, आणि त्यासाठी मोजणी पुरते.

मॅक फिल्टर: यादीतल्या एकासाठी ठीक

यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. फिल्टर दोन तऱ्हेचा. एक, मॅक टेबलात कायमची नोंद करून ‘हा पत्ता दिसला की टाकून दे’ असं सांगणं. एखादं यंत्र बिघडून नेटवर्कभर धिंगाणा घालतंय, ते कुठे आहे हे सापडेपर्यंत त्याला गप्प करायचंय, अशा वेळी हे उत्तम हत्यार. दुसरी तऱ्हा म्हणजे मॅक ॲक्सेस लिस्ट: कोणाला परवानगी, कोणाला नाही.

या दुसऱ्या तऱ्हेत एक खड्डा आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० या मालिकांत पोर्टवर लावलेली मॅक ॲक्सेस लिस्ट फक्त आयपी नसलेल्या ट्रॅफिकला लागू होते. म्हणजे तुम्ही एखादा पत्ता नाकारता, त्याचा एआरपी, म्हणजे आयपीवरून मॅक विचारणारा संदेश, कदाचित अडतो, पण आयपीचं ट्रॅफिक या यादीकडे बघतच नाही. चाचणी करताना एआरपी अडल्यामुळे सगळं अडल्यासारखं दिसतं आणि माणूस खूश होऊन घरी जातो. दुसऱ्या बाजूला कुणी एआरपीची नोंद हाताने घातली की फ्रेम सुखाने जातात. दुसऱ्या कंपन्यांचे स्विच वेगळं वागतात, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय फिल्टरवर भरवसा नको.

आणि यादीचं काय? दहा स्विच असतील तर यादी दहा ठिकाणी. नवीन संगणक आला की दहा ठिकाणी भर घाला. जुना गेला की दहा ठिकाणाहून काढा. भर घालणं होतं, कारण त्याशिवाय माणूस ओरडतो. काढणं होत नाही, कारण कुणी ओरडत नाही. परवानगीची यादी म्हणून फिल्टर मी कुणालाही सुचवणार नाही. नकाराची यादी म्हणून, तीही चार-दोन नोंदींची, चालेल.

मॅब: एक यादी, एक सर्व्हर

इथे स्विच स्वतः ठरवत नाही. पोर्टवर पहिली फ्रेम आली की तिच्यावरचा मूळ पत्ता तो उचलतो आणि रेडियस सर्व्हरला, म्हणजे परवानगीची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला, विचारतो: हा आत येऊ देऊ का? वापरकर्त्याचं नाव म्हणून तोच पत्ता, पासवर्ड म्हणूनही बहुधा तोच पत्ता. सर्व्हर हो म्हणाला तर पोर्ट उघडतो. फ्रीरेडियस, विंडोजचं एनपीएस, पॅकेटफेन्स, सिस्कोचं आयएसई, अरुबाचं क्लिअरपास: यांपैकी कुठलाही सर्व्हर चालतो.

खरा फायदा ‘हो’ सोबत येणाऱ्या माहितीत आहे. सर्व्हर सांगू शकतो की याला कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं. त्यासाठी रेडियसचे तीन ॲट्रिब्यूट, म्हणजे उत्तरातले रकाने, लागतात: ६४ नंबरला १३, म्हणजे व्हीलॅन; ६५ नंबरला ६, म्हणजे ८०२ माध्यम; आणि ८१ नंबरला व्हीलॅनचा क्रमांक किंवा नाव. तिघांपैकी एक राहिला तर पोर्ट उघडतो पण माणूस मूळ व्हीलॅनमध्येच बसतो, आणि ‘ऑथेंटिकेशन सक्सेस’ बघून आपण गोंधळतो. हे एकदा जमलं की टेबलं हलवणाऱ्यांची चिंता संपते. यंत्र कुठल्याही पोर्टला लावा, ते आपल्या व्हीलॅनमध्ये जातं. सात नंबर आणि बारा नंबरचं भांडण इथे नाही.

त्रास तीन ठिकाणी होतो, आणि तिन्ही पहिल्या आठवड्यातच भेटतात.

पहिला, लिहिण्याची पद्धत. कुणी पत्ता सलग बारा अक्षरांत पाठवतो, कुणी दोन-दोन अंकांमध्ये डॅश घालतो, कुणी विसर्गासारखे दोन टिंब, कुणी चार-चार अंकांनी पूर्णविराम. हेक्समधली अक्षरं लहान लिपीत की मोठ्या हा वेगळा प्रश्न. सर्व्हरच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी नावं आहेत. दोन कंपन्यांचे स्विच एकाच सर्व्हरला जोडले की अर्धी यंत्रं आत आणि अर्धी बाहेर. उपाय सर्व्हरवर करा: येणारा पत्ता आधी एका साच्यात आणा, मग यादीत शोधा. स्विचवर फॉरमॅट बदलत बसलात तर पुढचा नवा स्विच परत तेच दुखणं घेऊन येईल.

दुसरा, वाट बघणं. मॅब आणि ८०२.१एक्स एकाच पोर्टवर असतात तेव्हा सिस्कोचा स्विच मूळ सेटिंगमध्ये आधी ८०२.१एक्सची हाक देतो, ३० सेकंद थांबतो, अशी एकूण तीनदा. म्हणजे ९० सेकंदांनी मॅबची पाळी येते. तोवर बिचाऱ्या प्रिंटरने डीएचसीपीची (आपोआप आयपी देणाऱ्या सेवेची) आशा सोडून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःला लावून घेतलेला असतो. नेटवर्कवरून बूट होणारं मशीन तर केव्हाच हरलेलं असतं. थांबण्याची वेळ सात-दहा सेकंदांवर आणा, किंवा क्रम उलटा करून आधी मॅब, पण प्राधान्य ८०२.१एक्सला द्या. क्रम आणि प्राधान्य या दोन वेगळ्या ओळी आहेत. एकच बदलली तर काही वेळा चाललेलं सेशनही मॅबमध्ये अडकून राहतं.

तिसरा, मुकी यंत्रं. मॅबला सुरुवात करायला यंत्राने एक तरी फ्रेम पाठवायला हवी. स्थिर आयपी दिलेला दाराचा कंट्रोलर कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. पोर्ट बंद म्हणून त्याला कुणी विचारू शकत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. अशा पोर्टवर बाहेर जाणारी दिशा मोकळी ठेवण्याची सोय वापरा, किंवा त्या यंत्राला डीएचसीपीवर आणून पत्ता सर्व्हरवर राखून ठेवा. डीएचसीपीवरचं यंत्र निदान स्वतःहून बोलतं.

यादी कुठे ठेवायची याचाही विचार हवा. एनपीएस वापरणारे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोजच्या खात्यांच्या यादीत, प्रत्येक यंत्रासाठी एक वापरकर्ता बनवतात, ज्याचं नाव आणि पासवर्ड एकच. पासवर्डचा नियम लगेच आडवा येतो, मग तो नियम सैल करावा लागतो, आणि माणसांच्या खात्यांशेजारी असली दुबळी खाती येऊन बसतात. प्रिंटरच्या स्टिकरवरचा मजकूर टाइप करून कुणी दुसरीकडे लॉगिन केलं तर? मॅबची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा. सिस्कोचे स्विच मॅबच्या विनंतीत सर्व्हिस टाइप १०, म्हणजे कॉल चेक, असं लिहून पाठवतात. सर्व्हरवर तेवढ्याच विनंत्यांना ही यादी दाखवा.

२०२४ च्या जुलैत ब्लास्ट-रेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. रेडियसमधल्या एमडी५ या जुन्या हॅशच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन, स्विच आणि सर्व्हर यांच्या मधे बसलेला माणूस ‘नाही’चं ‘हो’ करू शकतो. ईएपी ही ओळख पटवण्याची चौकट वापरणाऱ्या ८०२.१एक्सला तिचा फटका बसत नाही, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे निरोपावरचा शिक्का, सक्तीचा आहे. मॅब जर पीएपी या साध्या पासवर्ड पद्धतीने चालत असेल तर तो सापडतो. अपडेट टाका, दोन्ही बाजूंना मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा करा, आणि हे ट्रॅफिक व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमधूनच जाऊ द्या.

आणि तरीही, पाटी ती पाटीच. मॅबने आत आलेल्या यंत्राला मोकळं रान देऊ नका. प्रिंटरच्या व्हीलॅनमधून प्रिंट सर्व्हरपलीकडे काही दिसता कामा नये. मग कुणी स्टिकर वाचून प्रिंटर बनून आला, तरी त्याला मिळून मिळून प्रिंटरचाच संसार मिळेल.

८०२.१एक्स: ओळखपत्र, आणि ओळखपत्राचं दफ्तर

२००१ साली पहिल्यांदा आलेलं हे मानक आज २०२० च्या आवृत्तीत आहे. यंत्रातलं सप्लिकंट नावाचं सॉफ्टवेअर, मधला स्विच आणि मागचा रेडियस सर्व्हर, असे तिघे. स्विच फक्त निरोप्या. ओळख यंत्र आणि सर्व्हर यांच्यात पटते. मॅक ॲड्रेस इथे गौण.

ईएपीचा पासवर्डवर चालणारा प्रकार, पीईएपी, सोपा वाटतो, पण आज नवीन सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. विंडोज ११ च्या २२एच२ पासून क्रेडेन्शियल गार्ड (पासवर्ड जपणारी विंडोजची सोय) योग्य यंत्रांवर आपोआप चालू होतो आणि लॉगिनचाच पासवर्ड आपसूक वापरणारा पीईएपी-एमएसचॅप मोडतो. सर्टिफिकेटवरचा ईएपी-टीएलएस घ्या. त्यासाठी सर्टिफिकेट देणारी, वाटणारी, नूतनीकरण करणारी यंत्रणा हवी. ती आधीपासून असेल तर ८०२.१एक्स हे काही आठवड्यांचं काम आहे. नसेल तर तुमचा खरा प्रकल्प सर्टिफिकेटचा आहे, स्विच हा त्यातला शेवटचा धडा. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपते त्या सकाळी एकही यंत्र आत येत नाही, ही तारीख कॅलेंडरवर दोन जणांच्या नावाने टाकून ठेवा.

छोटी पण नेहमीची ठेच: विंडोजमध्ये वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सेवा स्वतःहून सुरू होत नाही. ती हाताने किंवा ग्रुप पॉलिसीने चालू केल्याशिवाय नेटवर्क कार्डाच्या खिडकीत ऑथेंटिकेशनचा टॅबसुद्धा दिसत नाही.

अभेद्य हेही नाही. एकदा पोर्ट उघडला की पुढच्या फ्रेमवर सही-शिक्का काही नसतो. ओळख पटलेल्या संगणकाच्या आणि भिंतीच्या मधे छोटी ब्रिजची डबी बसवून त्याच्याच पत्त्याने बोलता येतं. त्यावर उपाय मॅकसेक, जे प्रत्येक फ्रेम कूटबद्ध करतं, पण त्यासाठी स्विच आणि कार्ड दोन्ही त्या तोडीचे लागतात.

शेजारी शेजारी ठेवून

| | यादी कुठे | सर्व्हर | नक्कल करणारा | यंत्र हललं तर | रोजची झळ |
|---|---|---|---|---|---|
| पोर्ट सिक्युरिटी | प्रत्येक पोर्टवर | नको | आत येतो | पोर्ट अडतो | हलवाहलवीच्या दिवशी |
| मॅक फिल्टर | प्रत्येक स्विचवर | नको | आत येतो | फरक नाही | यादी शिळी होत जाते |
| मॅब | रेडियसवर | हवा | येतो, पण कोंडता येतो | फरक नाही | नवीन यंत्राची नोंद |
| ८०२.१एक्स | सर्टिफिकेटमध्ये | हवा | सहसा अडतो | फरक नाही | मुदती आणि ड्रायव्हर |

मग कुणी काय घ्यावं

दोन-तीन स्विच, पन्नासेक यंत्रं, जागा ठरलेल्या, आयटीचं काम बघणारा एकच माणूस: पोर्ट सिक्युरिटी घ्या, रिस्ट्रिक्टवर, तीनच्या मर्यादेने, स्टिकीशिवाय. रिकामे पोर्ट सरळ बंद करा. हा शेवटचा उपाय सगळ्यात जुना आणि फुकट, तरी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पॅनेलमागे न वापरलेल्या केबलही काढून ठेवा.

प्रयोगशाळा, कारखान्यातली यंत्रं, कॅमेरे, जिथे एक पोर्ट आणि एक यंत्र यांची गाठ वर्षानुवर्षं सुटत नाही, तिथे मात्र स्टिकी आणि शटडाउन शोभतं. तिथे पत्ता बदलणं हीच मुळात बातमी असते.

पाच-सहा स्विचच्या पुढे गेलात, किंवा बसायच्या जागा रोज बदलतात, तर रेडियस उभारा. सुरुवात मॅबने करा. मशीन फार दणकट लागत नाही, फ्रीरेडियसला पैसे लागत नाहीत. पण सर्व्हर दोन हवेत. एकच ठेवला आणि तो झोपला तर मॅब आणि ८०२.१एक्स दोन्ही कुणालाच आत घेणार नाहीत. सर्व्हर सापडला नाही तर कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं, ती क्रिटिकल व्हीलॅनची ओळ पहिल्याच दिवशी लिहा आणि सर्व्हरची केबल खरोखर उपटून ती चालते का ते बघा.

माणसांचे लॅपटॉप कंपनीने दिलेले, एका जागेवरून सांभाळले जाणारे असतील, तर त्यांना ८०२.१एक्स आणि त्याच पोर्टवर मुक्या यंत्रांसाठी मॅब. मोठ्या ठिकाणी शेवटी हेच जोडकाम होतं. फक्त त्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी लावू नका. किती पत्ते चालतील हे तिथे पोर्टच्या होस्ट मोड या सेटिंगने ठरतं, आणि दोन्ही एकत्र लावले की कुणामुळे अडलं हे कळत नाही. फोन आणि संगणक असेल तर मल्टी-डोमेन, टेबलाखाली छोटा स्विच असेल तर मल्टी-ऑथ. मल्टी-होस्ट टाळा: त्यात पहिल्याने ओळख दाखवली की त्याच्यामागून येणारे सगळे फुकट आत.

निवड काहीही करा, पहिले दोन-तीन आठवडे कुणालाही अडवू नका. रेडियसच्या पर्यायात ओपन मोड असतो: तपासणी होते, नोंद होते, पण नापास झालेलाही आत राहतो. पोर्ट सिक्युरिटी घेणार असाल तर रोज दिवसातून दोन-चारदा मॅक टेबल उतरवून घ्या. नोंदी ३०० सेकंद गप्प राहिल्या की पुसल्या जातात, त्यामुळे एकदाच घेतलेली यादी नेहमी अपुरी निघते. कुठल्या पोर्टवर पाच पत्ते दिसले, तर टेबलाखाली कुणीतरी आणलेला छोटा स्विच सापडेल.

आणि सगळ्यात आधी अपलिंक, म्हणजे पुढच्या स्विचकडे जाणारा पोर्ट, कोणता ते तपासा. मी एकदा दूरच्या इमारतीतल्या स्विचवर १ ते २४ पोर्टांना एकदम नियम लावले, आणि २४ नंबर हाच वर जाणारा अपलिंक होता. एंटर दाबल्यावर स्क्रीन थिजली ती थिजलीच. किल्ली शोधून, कन्सोल केबल घेऊन तिथवर जावं लागलं. तेव्हापासून दूरच्या स्विचवर काहीही लावण्याआधी मी चालू कॉन्फिग सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ देतो. नियम लावतो, सेव्ह करत नाही. बाहेर फेकलो गेलो तर दहा मिनिटांत स्विच जुन्या कॉन्फिगवर उठतो. आत राहिलो तर ‘रीलोड कॅन्सल’ देतो, आणि मगच सेव्ह.